गतिशील पानांचे पत्ते: वाचनखूण आणि शोधयंत्र

संकेतस्थळावरील पाने मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारचे पान एकदाच लिहून फाईलच्या स्वरूपात सर्व्हरवर ठेवलेले असते. वाचकाने पत्ता दिला की तीच फाईल जशीच्या तशी त्याच्याकडे येते. हे स्थिर पान होय. दुसऱ्या प्रकारचे पान आधी कोठेच तयार नसते. मागणी येताच सर्व्हरवरील आज्ञावली माहितीसाठ्यातून शीर्षक, मजकूर व छायाचित्रे गोळा करते आणि त्याच क्षणी पान रचून पाठविते. यास गतिशील पान म्हणतात. रेल्वे आरक्षणाची स्थिती, बँकेचे खाते, वृत्तपत्रांची संकेतस्थळे हे सारे या दुसऱ्या प्रकारात मोडते.

वाचकास हा भेद जाणवतो तो पत्त्यात, म्हणजे यूआरएलमध्ये. पुण्याच्या पेठांत वाडा पाडून इमारत उभी राहिली तरी घरक्रमांकावरून पत्रे पोहोचत राहतात. संकेतस्थळांचे तसे नाही. 'लोकसत्ता' दैनिकाचेच उदाहरण घेऊ. २००० नंतरच्या दशकात त्याच्या पानाच्या पत्त्यात 'डेली' हा शब्द, आठ अंकी दिनांक आणि फाईलचे नाव एवढेच असे. २०१० च्या सुमारास तेथे 'इंडेक्स डॉट पीएचपी', त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि 'ऑप्शन', 'व्ह्यू', 'आयडी' अशी लांबलचक शेपटी आली. पुढे तीही गेली आणि मथळ्यातील शब्द व क्रमांक यांचा पत्ता रूढ झाला. लेख तोच, पत्ते तीन. 'महाराष्ट्र टाइम्स'ने मात्र 'आर्टिकलशो' या शब्दापुढे लेखाचा क्रमांक देण्याची पद्धत ठेवली. मुख्य पत्ता बदलला तरी ती पद्धत टिकली. गतिशील पानाचा पत्ता अस्थिरच असला पाहिजे असे नाही, हे त्यावरून दिसते.

प्रश्नचिन्हापुढील मजकूर म्हणजे आज्ञावलीला दिलेल्या सूचना. त्यातील क्रमांक माहितीसाठ्यातील नोंदीचा असतो. संकेतस्थळाची यंत्रणा बदलली, नोंदींना नवे क्रमांक मिळाले, की जुना पत्ता निरर्थक होतो. प्रस्तुत लेखकाने एका वृत्तपत्रातील काही मृत्युलेखांच्या वाचनखुणा ब्राउझरमध्ये जपून ठेवल्या होत्या. काही वर्षांनी त्या उघडल्या, तर प्रत्येक खुणेवर त्या दिवशीचे मुखपृष्ठ समोर आले! पान सापडत नाही, असे सांगण्याचे सौजन्यही त्या यंत्रणेत नव्हते.

वाचनखूण फसण्याची आणखी दोन कारणे आहेत. काही संकेतस्थळे पत्त्यातच वाचकाच्या त्या वेळच्या भेटीचा तात्पुरता क्रमांक घालतात. तो थोड्याच वेळात बाद होतो. दुसरे असे की, अर्ज भरून मिळालेला निकाल पुष्कळदा पत्त्यात उमटतच नाही. माहिती पत्त्याबाहेरून सर्व्हरकडे जाते आणि खूण केली असता उरतो तो केवळ रिकामा अर्ज. यावर परीक्षा सोपी आहे: पत्त्याची नक्कल करून तो दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडावा. तेच पान आले तरच तो पत्ता इतरांना पाठविण्याजोगा.

आता शोधयंत्राविषयी. शोधयंत्राचा संगणक दुव्यांवरून दुव्यांवर जात पाने टिपतो. गतिशील संकेतस्थळावर दिनदर्शिकेतील 'पुढील महिना' हा एकच दुवा त्यास अनंत पानांत फिरवीत ठेवू शकतो. म्हणून आरंभीच्या काळात शोधयंत्रे प्रश्नचिन्ह असलेल्या पत्त्यांपासून जपून राहत. गूगलने तर पत्त्यात 'आयडी' हे नाव वापरू नये असा सल्ला दिला होता. ती अडचण पुढे पुष्कळ कमी झाली आणि २००८ मध्ये असे पत्ते आपणास समजतात असे गूगलनेच जाहीर केले. परंतु एकच लेख चार पत्त्यांवर दिसणे हा दोष उरलाच. त्यावर २००९ मध्ये गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी पानातच मूळ पत्ता नोंदविण्याची खूण मान्य केली. केवळ शोधचौकटीत शब्द लिहूनच गाठता येणारी पाने मात्र बहुधा अदृश्यच राहतात, कारण शोधयंत्र सहसा अर्ज भरीत बसत नाही. अशा पानांची यादी 'साइटमॅप'द्वारे देणे हा त्यावरील उपाय.

मराठीची अडचण निराळी. युनिकोड रूढ होण्यापूर्वी प्रत्येक वृत्तपत्राचा फाँट वेगळा असे. पत्ता कितीही स्थिर असो, शोधयंत्रास त्यात मराठी शब्द दिसतच नसत. युनिकोडनंतर पत्त्यातही देवनागरी आली, पण दुवा पाठविताना तिचे प्रत्येक चिन्ह नऊ रोमन चिन्हांचे होते. 'पुणे' या चार चिन्हांच्या शब्दाची ३६ चिन्हे! ईमेलमध्ये असा दुवा मध्येच तुटतो. तरीही २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने देवनागरी पत्तेच ठेवले. तेथील पानेही माहितीसाठ्यातून रचली जातात, मात्र पत्त्यात प्रश्नचिन्हाऐवजी लेखाचे नाव असते आणि लेखाचे नाव बदलल्यास जुना पत्ता सामान्यतः नव्याकडे वळविला जातो.

वाईच्या मराठी विश्वकोशाचे उदाहरण अधिक विचार करायला लावणारे आहे. १९७६ मधील पहिल्या खंडाचा पृष्ठक्रमांक आजही तोच आहे. जालावर मात्र या नोंदी आधी 'मराठीविश्वकोश डॉट इन' येथे क्रमांकांच्या पत्त्यांवर होत्या व पुढे शासनाच्या 'विश्वकोश डॉट मराठी डॉट जीओव्ही डॉट इन' या पत्त्यावर आल्या. एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधात केवळ जुना दुवा दिला असेल, तर परीक्षकास नोंद नव्याने शोधावी लागते. त्याने खंड व नोंदीचे शीर्षक लिहिले असेल, तर काहीच बिघडत नाही.

संकेतस्थळ चालविणाऱ्याने यंत्रणा बदलताना जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्याकडे '३०१' या क्रमांकाचे कायमचे वळण द्यावे. शोधयंत्रेही ते ओळखतात. वाचकाने दुव्यासोबत शीर्षक, लेखक व दिनांक टिपून ठेवावा आणि महत्त्वाचे पान इंटरनेट अर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये जतन करावे. २००१ पासून खुल्या असलेल्या या संग्रहात जुना पत्ता टाकल्यास हरवलेले पान कधी कधी त्याच्या दिनांकासह सापडते.