पुसायचं कुणी आणि कपाट कुणाचं

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

गटाच्या बैठकीला आम्ही ज्या ज्या घरी जातो, तिथं बहुतेक वेळा समोर शोकेस असते. काचेमागं कपबशांचा सेट, पोराला शाळेत मिळालेला कप, लग्नात आलेलं घड्याळ. त्या कपातून कुणी चहा प्यालेला आम्ही अजून पाहिलेला नाही. दिवाळी आली की सगळं खाली काढायचं, पुसायचं आणि होतं तिथंच परत मांडायचं. आज या शोकेसच्या नात्यातल्या एका विलायती कपाटाची गोष्ट सांगतो. त्याचं नाव साइडबोर्ड. जेवणघरात भिंतीला लावून ठेवलेलं, साधारण कमरेएवढं उंच, लांबट कपाट. वर भांडी मांडायची, आत ताटं-चमचे ठेवायचे.

त्याची सुरुवात कपाट म्हणून झालीच नाही. इंग्रजीत कपाटाला 'कपबोर्ड' म्हणतात. त्यातला बोर्ड म्हणजे नुसती फळी. पेले मांडायची उघडी फळी, तिला दारं नव्हती की कुलूप नव्हतं. युरोपातले श्रीमंत लोक तिच्यावर सोन्याचांदीची भांडी लावून ठेवायचे. पाहुण्यानं आल्या आल्या घराची ऐपत ओळखावी, एवढंच तिचं काम.

यातली सगळ्यात नवलाची गोष्ट बाळंतिणीच्या खोलीतली आहे. 1457 साली ब्रसेल्समध्ये बर्गंडीच्या राजघराण्यातली सून इझाबेल बाळंत झाली, मुलगी झाली. तिच्या खोलीत चार पायऱ्यांची मोठी मांडणी होती आणि तिच्यावर सोन्याची नि स्फटिकाची भांडी. भेटायला येणाऱ्यांना द्यायचे गोड पदार्थही तिथंच, सोन्याच्या भांड्यांत. आपल्याकडं बारशाला घुगऱ्या देतात, तसंच म्हणा. हे सगळं एलियेनोर द प्वातिए नावाच्या दरबारातल्याच एका बाईनं लिहून ठेवलं. कुठल्या मानाच्या बाईनं किती पायऱ्या लावायच्या, याचे नियमही तिनं नोंदवले. इझाबेलला चार, तिच्याहून खालच्या काउंटच्या बायकोला तीन, त्याखालच्या सरदारणीला दोन. बाळंतिणीनं अंथरुणावर पडल्या पडल्या समोरच्या फळ्या मोजाव्यात नि आपला नवरा कितव्या पायरीवर आहे ते ओळखावं! आम्हाला तर वाचताना हसूच आलं. मग आपल्या हळदीकुंकवातले मानपान आठवले आणि हसू आवरलं.

पुढं इंग्लंडात श्रीमंतांच्या घरी जेवणासाठी वेगळी खोली आली. 1760 नंतर रॉबर्ट अ‍ॅडम नावाच्या वास्तुकारानं भिंतीजवळ एक लांब टेबल, दोन्ही बाजूंना दोन उभी छोटी कपाटं आणि त्यांवर कलश अशी मांडणी रूढ केली. एका कपाटाला आतून पत्रा मारून ताटं गरम ठेवायची सोय असायची, कलशात पाणी. नंतर हे सगळे तुकडे जोडून एकच वस्तू झाली. तोच साइडबोर्ड.

त्याचे नमुने ज्या पुस्तकामुळं सगळीकडं पोचले, ते 1788 साली छापलं गेलं. लिहिणारा जॉर्ज हेपलव्हाइट हा लंडनचा सुतार. पण तो 1786 सालीच वारला होता. त्याच्यामागं दुकान चालवलं त्याच्या विधवा बायकोनं, अ‍ॅलिसनं, आणि पुस्तक काढलं तेही तिनंच. वर नाव छापलं 'ए. हेपलव्हाइट आणि कंपनी'. आज हेपलव्हाइट हे नाव जगभर घेतलं जातं ते या पुस्तकामुळं, कारण त्याच्या दुकानात नक्की घडलेली म्हणून एकही वस्तू दाखवता येत नाही. त्या 'ए' मागची बाई मात्र फारशी कुणाला माहीत नाही.

त्या पुस्तकातल्या साइडबोर्डच्या एका खणात नऊ बाटल्यांसाठी कप्पे. दुसऱ्यात चांदीच्या भांड्यांसाठी हिरवं कापड लावलेली जागा आणि तिच्यापुढं शिशाचा पत्रा मारलेला हौद. जेवण चालू असतानाच नोकरानं त्यात पेले विसळायचे. आणि काही साइडबोर्डांत एक छोटं दार असायचं, त्यामागं लघवीचं भांडं. जेवण झालं की बायका दुसऱ्या खोलीत जायच्या, पुरुष दारू पीत बसायचे आणि तिथंच कार्यक्रम उरकायचे. 1784 साली इंग्लंडला आलेल्या एका फ्रेंच तरुणानं हे पाहिलं नि नवल करून लिहून ठेवलं. सकाळी ते भांडं कोण रिकामं करायचं, हे त्यानं लिहिलं नाही. ते सांगायला लागतं का?

लाकूड महोगनीचं. ते इंग्लंडात उगवत नाही. 1721 साली इंग्रज सरकारनं आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली आणि जमैकासारख्या बेटांवरचं महोगनी जहाजं भरभरून यायला लागलं. ते तोडणारे हात आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचे होते. नंतर मोलकरणींनी मेण नि टर्पेंटाईन घासून त्यावर आरशासारखी चमक आणायची. आपल्याकडंही मुंबईत शिसवीचं कोरीव फर्निचर इंग्रजांसाठी घडायचं. नक्षी जितकी खोल, तितकी धूळ जास्त, हे घडवणाऱ्यानं आपल्याला विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं.

आता मूळ प्रश्न. इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईचा तो साइडबोर्ड होता का? नाही. तिनं माहेरहून आणला असला तरी लग्नाबरोबर जंगम मालमत्ता नवऱ्याची व्हायची. मिलिसेंट फॉसेट, पुढं बायकांच्या मताधिकारासाठी लढलेली, हिची पाकिटमारी झाली. चोर सापडला. कोर्टात आरोप वाचला गेला तेव्हा पाकीट 'हेन्री फॉसेट यांच्या मालकीचं', म्हणजे तिच्या नवऱ्याचं. चोरीचा आरोप आपल्यावरच आहे असं वाटलं, असं ती म्हणाली. 1870 च्या कायद्यानं बायकोची कमाई तिची झाली आणि 1882 च्या कायद्यानं तिची मालमत्ताही.

त्यानंतर साइडबोर्ड उतरत गेला. पहिल्या महायुद्धानंतर नोकर मिळेनात, घरं लहान झाली. दुसऱ्या महायुद्धात लाकडाची टंचाई आली, तेव्हा सरकारनं ठरवून दिलेल्या साध्या नमुन्यांचं फर्निचरच बनू लागलं. तेही नवं लग्न झालेल्यांना किंवा बॉम्बनं घर पडलेल्यांना, परवान्यावर. 1953 पासून 'जी प्लॅन' नावाचं फर्निचर आलं, एकेक वस्तू जमेल तशी घ्यायची. त्यातला साइडबोर्ड बुटका, सपाट, नक्षी नाही. पुसायला एक फडकं पुरे. आजकाल त्यावर टीव्ही असतो.

आपल्याकडं कायदा सांगतो की लग्नात बाईला मिळालेली भांडी, दागिने, वस्तू हे तिचं स्त्रीधन. सासरी राहिलं तरी ते तिचंच, हे सुप्रीम कोर्टानं 1985 साली प्रतिभा राणी यांच्या खटल्यात स्पष्ट केलं. त्याच वर्षी नियमही आला की नवरीला मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची, नवरा-नवरी दोघांनी सही करायची आणि ती यादी नवरीनं जपायची. आमच्या गटात विचारलं, कुणाकुणाकडं अशी यादी आहे? एकीनंही हात वर केला नाही.

मग बैठक जिच्या घरी होती तिनं उठून शोकेस उघडली. मागचा तांब्या काढला, पदरानं पुसला. त्यावर नाव घातलेलं होतं सासऱ्यांचं, तारीख तिच्या लग्नाची. समई काढली, ती माहेरची. तिच्यावर तिचं नाव होतं, लग्नाआधीचं. ती म्हणाली, "हे नाव वीस वर्षांत कुणी हाकच मारलं नाही." चहा मग काचेमागच्या कपांत झाला.