लहान मुलींच्या नखांसाठी पार्लर : काय चालेल, काय टाळावं?

चांदरातीला कुठल्याही लेडीज पार्लरमध्ये डोकावून बघा. आईचं फेशियल चाललेलं असतं आणि शेजारच्या खुर्चीवर पाच-सहा वर्षांची लेक पाय हलवत बसलेली असते. "मलाही ताईसारखी नखं पाहिजेत" हा हट्ट सुरू होतो. पार्लरवाली बाजी प्रेमाने म्हणते, "करून देते ना, लहान आहे, पैसे पण नको." आईला नाही म्हणवत नाही. लग्नघरात तर हे अजूनच सहज होतं. आता वाढदिवसाला लहान मुलींसाठी मॅनिक्युअर-पेडिक्युअरची खास पॅकेजंही निघाली आहेत.

त्यामुळे बऱ्याच माता-भगिनी विचारतात, हे मुलांसाठी ठीक आहे का? या लेखात आम्ही एकेक गोष्ट वेगळी करून सांगणार आहोत. पार्लरमधलं सगळंच वाईट नाही, आणि सगळंच चालण्यासारखंही नाही.

आधी थोडक्यात उत्तर

नखं कापून घेणं, हात धुऊन क्रीम लावणं, मोठ्या मुलीला सणावाराला साधं नेलपॉलिश लावणं, यात स्वच्छता पाळली तर फारसं बिघडत नाही. पण जेल पॉलिश, ॲक्रिलिक नखं, गोंदाने चिकटवायची नखं, क्युटिकल कापणं आणि "काळी मेहंदी" या पाच गोष्टी लहान मुलांसाठी नाहीत. अंगठा चोखणाऱ्या किंवा नखं खाणाऱ्या मुलांना तर साधं नेलपॉलिशही नको.

मुलांचं नख वेगळं का?

नख केराटिन नावाच्या प्रथिनाचं बनतं. ते तयार होतं नखाच्या मुळाशी, कातडीखाली. मुलांचं नख पातळ आणि मऊ असतं. मोठ्यांच्या नखावर जे फायलर सहज चालतं, ते मुलांच्या नखाचा थरच काढून टाकू शकतं. मुळाला इजा झाली तर पुढे नख वाकडं, रेघा पडलेलं येऊ शकतं.

नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी दिसते ती क्युटिकल. पार्लरमध्ये ती "घाण" समजून कापली जाते. खरं तर ते नखाचं दार आहे. ते बंद असलं की पाणी, जंतू, बुरशी आत जात नाहीत. ते कापलं की नखुरडं होण्याची वाट मोकळी होते : बोट लाल होतं, ठणकतं, पू धरतो. मुलं दिवसभर मातीत, पाण्यात हात घालतात आणि तेच हात तोंडात घालतात, म्हणून त्यांच्यात हे लवकर होतं.

मोठ्या माणसाचं हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं आणि पूर्ण बदलायला सहा महिने लागतात. पायाच्या नखाला वर्ष-दीड वर्ष लागतं. म्हणजे एका दिवसाच्या हौसेत बिघडलेलं नख बरेच महिने तसंच राहू शकतं.

हत्यारं आणि पाण्याचा टब

एकच नेलकटर, एकच फायलर, एकच पुशर दिवसभर दहा गिऱ्हाइकांना वापरला जातो. त्यातून बुरशी आणि चामखिळीचे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. रक्त आलं तर धोका आणखी वाढतो, कारण हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकू शकतो. लाकडी किंवा कागदी फायलर नीट निर्जंतुक करता येत नाही, तो एकदा वापरून टाकायचा असतो.

पेडिक्युअरच्या टबाकडे तर कुणी बघतच नाही. 2000 साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या वॉटसनविल गावात एकाच नेल सलूनच्या शंभराहून जास्त गिऱ्हाइकांच्या पायांवर गळवं आली. तपासात कळलं की पाणी फिरवणाऱ्या टबाच्या जाळीमागे केस आणि कातडीचा मळ साठला होता आणि त्यात मायकोबॅक्टेरियम जातीचे जंतू वाढले होते. काहींना कित्येक महिने औषधं घ्यावी लागली. म्हणून मुलांचे पाय यंत्राच्या टबात बुडवू नका. घरची स्वच्छ बादली त्यापेक्षा केव्हाही चांगली.

साधं नेलपॉलिश

साध्या नेलपॉलिशमध्ये रंग, थर धरणारा पदार्थ आणि उडून जाणारी द्रावणं असतात. वास येतो तो द्रावणांचा. पूर्वी यात टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटिल थॅलेट हे तीन पदार्थ सर्रास असत. आता बऱ्याच कंपन्या बाटलीवर "थ्री फ्री", "फाइव्ह फ्री" असं लिहितात. याचा अर्थ ठरावीक पदार्थ घातलेले नाहीत एवढाच. बाकी सगळं निर्धोक आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

वाळलेल्या नखावरून अंगात फार काही जात नाही. खरी अडचण आहे तोंडाची. मूल नखं चावत असेल तर रंगाचे पापुद्रे पोटात जातात. पाण्यावर आधारित, सोलून निघणारी मुलांची पॉलिशं मिळतात, त्यांना रिमूव्हर लागत नाही. मोठ्या मुलीसाठी घ्यायचंच असेल तर ते त्यातल्या त्यात बरं. बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या, बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत नसलेल्या बाटल्या मात्र घरात आणूच नका. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांसाठी 2020 चे वेगळे नियम आहेत. ज्या बाटलीवर काहीच लिहिलेलं नाही, तिच्यासाठी जबाबदार कुणाला धरणार?

आणखी एक गोष्ट. मूल आजारी असेल, ऑपरेशन असेल तर नखं कोरी ठेवा. डॉक्टर नखांचा रंग बघून रक्त आणि प्राणवायूचा अंदाज घेतात. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं मापही गडद रंगामुळे चुकू शकतं.

जेल पॉलिश : इथे सरळ नाही म्हणा

जेल पॉलिश दिव्याखाली कडक होतं. त्यात मेथाक्रिलेट जातीची रसायनं असतात, त्यातलं सगळ्यात माहीत असलेलं हेमा. पूर्ण कडक झालं तर त्रास कमी. पण कातडीला लागलं, किंवा दिवा कमजोर असल्याने अर्धवट कच्चं राहिलं, तर ॲलर्जी होऊ शकते. लहान, सतत हलणाऱ्या बोटांवर ते कातडीला न लावता लावणं किती कठीण आहे, हे कुठलीही ब्युटीशियन मान्य करेल.

ही ॲलर्जी साधी नाही. बोटं सुजतात, खाज येते, नख बिछान्यापासून सुटतं, हात लावल्यामुळे पापण्या आणि गालही लाल होतात. आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. याच जातीची रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये, हाडांच्या सिमेंटमध्ये, मधुमेहींच्या शुगर सेन्सरच्या चिकटपट्टीत असतात. सात वर्षांच्या मुलीला हौसेपोटी ही ॲलर्जी लागली, तर चाळिसाव्या वर्षी दात भरताना किंवा सांधा बदलताना डॉक्टरला ती आधी सांगावी लागेल. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. युरोपीय संघाने 2021 पासून हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिक वापरासाठी ठेवली. जेल कडक करणारा टीपीओ नावाचा घटक तर तिथे 1 सप्टेंबर 2025 पासून बंदच झाला. ऑनलाइन मिळणारी स्वस्त जेल किट घरी आणून मुलींवर "प्रॅक्टिस" करणाऱ्या ताया-खालांनी हे जरूर वाचावं.

दिव्याचं काय? त्यातून अतिनील ए किरण निघतात. 2023 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत पेशींवर 20 मिनिटं हा प्रकाश टाकला तेव्हा 20 ते 30 टक्के पेशी मेल्या. हा प्रयोग पेशींवर होता, माणसांवर नाही, त्यामुळे "जेल लावलं की कॅन्सर होतो" असं कुणी सांगितलं तर ते खरं धरू नका. पण ज्याची गरजच नाही अशा किरणांखाली मुलांचे हात ठेवायचे तरी कशाला?

ॲक्रिलिक, गोंद आणि रिमूव्हर

नखं चिकटवायचा गोंद म्हणजे झटपट चिकटणाऱ्या फेविक्विकच्याच जातीचा पदार्थ. तो सुती कपड्यावर सांडला की वेगाने गरम होतो. मुलीच्या सुती सलवारीवर बाटली पडली तर काही क्षणांत खालची कातडी भाजू शकते. ॲक्रिलिकच्या आधी लावायच्या प्रायमरमध्ये मेथाक्रिलिक ॲसिड असू शकतं, तेही कातडी जाळतं. लहान मुलांना भाजल्याच्या घटनांमुळेच अमेरिकेत 1999 साली अशा बाटल्यांना मुलांना न उघडणारं झाकण सक्तीचं झालं.

रिमूव्हरची गोष्ट अजून गंभीर आहे. साधा रिमूव्हर ॲसिटोनचा असतो. तो पेट घेतो, आणि पोटात गेला तर गुंगी, उलट्या, श्वासाचा त्रास होतो. चिकटवलेली नखं काढायच्या काही द्रावणांत पूर्वी ॲसिटोनायट्राइल असायचं, जे शरीरात गेल्यावर सायनाइड तयार होतं. 1988 मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन लहान मुलांची नोंद छापून आली. त्यातलं 16 महिन्यांचं बाळ दगावलं. घरच्यांना तो साधा रिमूव्हरच वाटला होता.

आमच्या मोहल्ल्यांमध्ये कितीतरी बहिणी घरातूनच पार्लर चालवतात. हॉलच्या कोपऱ्यात खुर्ची, खिडकीत बाटल्या, आणि तिथेच मुलांचा अभ्यास आणि झोपही. गिऱ्हाइकाचं मूल तासभर येऊन जातं, यांची मुलं दिवसभर त्या वासात आणि बाटल्यांजवळ असतात. या बहिणींना आमची विनंती : बाटल्या कुलपात ठेवा, रिमूव्हर कधीही पाण्याच्या किंवा शरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका, खिडकी उघडी ठेवा आणि स्वयंपाकाच्या गॅसपासून लांब काम करा.

मेहंदी तरी बिनधोक ना?

खरी मेहंदी, म्हणजे पानांची पूड, बहुतेक मुलांना चालते. ती नारिंगी ते तपकिरी रंगते आणि रंग चढायला काही तास लागतात. "दहा मिनिटांत काळी" असं म्हणून विकला जाणारा कोन वेगळा. त्यात बऱ्याचदा केसांच्या डायमधलं पीपीडी मिसळलेलं असतं. त्याने फोड येतात, डाग राहतात, आणि मोठेपणी केसांना डाय लावताना जोराची ॲलर्जी येऊ शकते. मेहंदी घरी भिजवा.

एक इशारा मात्र सगळ्यांना माहीत नसतो. जी6पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाला खरी मेहंदीही लावू नका. त्यांच्या लाल रक्तपेशी फुटून कावीळ आणि रक्त कमी होण्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. तान्ह्या बाळाच्या तळहाताला हौसेने मेहंदी लावणं टाळलेलंच बरं.

नमाज शिकणारी मुलं

लहान मुलांवर नमाज फर्ज नाही, पण सात वर्षांपासून सवय लावायला सांगितलं आहे. नेलपॉलिशचा थर नखापर्यंत पाणी जाऊ देत नाही, त्यामुळे वुजूचा प्रश्न येतो. मेहंदीचा नुसता रंग राहतो, थर राहत नाही. "पाणी जाऊ देणाऱ्या" पॉलिशबद्दल शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा. मुलीला रागावून नाही, तर समजावून सांगा. नखं वेळेवर कापणं ही आपल्याकडे फितरतची गोष्ट मानली जाते. हजरत अनस (रजि.) यांच्या सहीह मुस्लिममधल्या रिवायतीत चाळीस दिवसांपेक्षा जास्त उशीर करू नये असं आलं आहे. मुलांची नखं तर आठवड्याला कापावी लागतात. जुम्याचा दिवस धरला की विसर पडत नाही.

वयानुसार काय करावं?

- तीन वर्षांपर्यंत : फक्त नखं कापणं, तेही घरी. पॉलिश, रिमूव्हर काहीच नको.
- तीन ते सहा : पार्लरमध्ये बसायचंच असेल तर हात धुणं, क्रीम, हलका मसाज. रंग हवाच असेल तर बोटांवर स्टिकर किंवा घरची मेहंदी.
- सात ते बारा : नखं खात नसेल तर सणाला पाण्यावर आधारित पॉलिश, दोन-तीन दिवसांनी काढून टाकायचं.
- त्यापुढे : साधं पॉलिश चालेल. जेल आणि ॲक्रिलिक सोळापर्यंत तरी नाहीच.

पार्लरमध्ये गेलात तर

स्वतःचा नेलकटर न्या. क्युटिकल कापू नका, हे आधीच सांगा. हातावर जखम, खरूज किंवा नायटा असेल तर त्या दिवशी जाऊ नका. खोलीत वास डोळ्यांना झोंबत असेल तर मुलाला तिथे बसवू नका.

काही झालंच तर

गोंद किंवा ॲसिड सांडलं : लगेच वाहत्या थंड पाण्याखाली 20 मिनिटं धरा. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका. हळद, टूथपेस्ट लावू नका. बोटं चिकटली तर कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा. डोळ्यात गेलं तर जबरदस्तीने पापणी उघडू नका, पाणी मारत दवाखान्यात न्या.

रिमूव्हर प्यायलं : उलटी करवू नका. तोंड धुवा, बाटली सोबत घ्या आणि इस्पितळ गाठा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या मोफत क्रमांकावर सल्ला देतं. रुग्णवाहिकेसाठी 108.

नखाभोवती सूज, पू, ताप दिसला किंवा नख सुटायला लागलं तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि नखाला काय लावलं होतं ते न लपवता सांगा. बऱ्याच आया भीतीने किंवा लाजेने ते सांगत नाहीत आणि उपचार लांबतो.

घरीच हौस भागवा

अंघोळीनंतर नखं मऊ असतात, तेव्हा कापा. पायाची नखं सरळ कापा, कोपरे खोल घेऊ नका, नाहीतर नख मांसात रुततं. मग कोमट पाण्यात पाय बुडवा, खोबरेल तेल चोळा, लेकीशी गप्पा मारा. तिलाही तुमचे हात दाबू द्या. ताईसारखं व्हायचं आहे म्हणजे बहुतेक वेळा तिला आपल्याबरोबर बसायचं असतं, आणि त्याला जेल लागत नाही.