जोराचं नव्हे, उष्णतेचं दुखणं

फ्रान्समधली ल मां ही चोवीस तासांची शर्यत. त्या काळी जवळजवळ सहा किलोमीटरचा सरळ रस्ता, ताशी २३० किलोमीटरच्या आसपास वेग आणि शेवटी काटकोनी वळण! दर फेरीला तिथे ब्रेक दाबायचा.

तेव्हा बहुतेक गाड्यांना ड्रम ब्रेक असत. तापले की ढिले पडत. चालक आणखी जोर लावत. पण दुखणं जोराचं नव्हतंच, उष्णतेचं होतं. तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो, लायनिंगची पकडही सुटते.

जॅग्वार आणि डनलॉपने उघड्या हवेत फिरणारी डिस्क बसवली. ती फुगली तरी पॅडकडेच सरकते. पण चाचण्यांत नवा घोळ झाला: ब्रेक ऑइलच उकळलं. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल थेट तळाला. पेडल कडक असूनही गाडी थांबत नसेल तर दोष घर्षणात. पेडल मऊ पडलं तर ऑइलमध्ये. हा फरक कळला, तेव्हा इलाज सापडला.

१९५३ साली रोल्ट आणि हॅमिल्टन जॅग्वारमधून जिंकले. ताशी शंभर मैलांची सरासरी तिथे पहिल्यांदाच ओलांडली गेली. वेगाने जिंकले, असं आपण म्हणतो. पण ब्रेक उशिरा दाबायची हिंमत त्यांना डिस्कने दिली होती.