डेम्लो संख्या आणि देवळालीचे मास्तर

तिवशाच्या बाजारात ज्वारी-तुरीचा हिशेब करणाऱ्याला लाखाच्या पुढे सहसा जावे लागत नाही. आज मात्र तुम्हांला चांगल्या सतरा आकडी संख्येकडे न्यायचे आहे. कागदावर नऊ एक ओळीने मांडा : १११११११११. तिला तिनेच गुणा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. आपल्या जुन्या मोजणीत हे स्थान ‘मध्य’. आणखी एक आकडा असता तर परार्ध झाला असता.

ही जादू नव्हे. गुणाकार मांडला की एकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत येतात. उभी बेरीज करा : उजवीकडे एकच एक, मग दोन, असे करीत मध्यावर नऊ, पुढे पुन्हा उतरण. हातचा कुठेच येत नाही, म्हणून आकडे जसेच्या तसे राहतात. बरे, त्यांची बेरीज ८१, आणि ८१ ने ही संख्या नि:शेष भागली जाते. का? नऊ एकांची बेरीज ९, म्हणून ती संख्या ९ ने भागली जाते. मग तिचा वर्ग ८१ ने जाणारच.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या अशा संख्यांना ‘हर्षद’ हे गोड नाव दिले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवले. पण पदव्युत्तर शिक्षण नाही. १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. मुंबईपासून तीस मैलांवरच्या डेम्लो स्टेशनात त्यांना आपल्या या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्या ‘डेम्लो संख्या’. स्टेशनचे नाव गणितात गेल्याचे उदाहरण मला तरी दुसरे ठाऊक नाही!

अशी माळ मात्र जुनीच. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त १२३४५६५४३२१ ही संख्या दिली आहे. कापरेकरांनी अशा संख्यांचे एक घराणेच अभ्यासाला घेतले.

विद्वानांनी त्यांना फारसे मोजले नाही. हा आकड्यांचा खेळ, गणित कसले, असे म्हणणारे होते. मला हे पटत नाही. का होते, हे विचारले की खेळाचे गणित होते. कापरेकर पदरमोड करून पुस्तिका छापत राहिले. १९४९ साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी ६१७४ चा शोध मांडला. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा नाव जगभर गेले. तोवर मास्तर सत्तरीला आले होते. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून शिकवण्या करीत. १९८६ साली ते वारले.

गुरुजी, उद्या पोरांना दहा एकांचा वर्ग करायला सांगा. मध्यावर दहा येतात, हातचा सुटतो आणि माळ तुटते : १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ कुठे गेला, ते त्यांनाच शोधू द्या.