कुणाच्या हाती कुठली पोथी?

कचेरीत थोडाफार वाचणारा माणूस म्हणून एकदा का नाव झालं की लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. एक म्हणजे अर्जाचा मसुदा कसा करावा, आणि दुसरी म्हणजे कुणाला कुठलं पुस्तक द्यावं. त्यातही धार्मिक पुस्तकांबद्दलचे प्रश्न जास्त. आईला साठ वर्षं पूर्ण होताहेत, ज्ञानेश्वरी देऊ का? मुलगा इंजिनिअर झाला, त्याला गीता द्यायची आहे, कुठली घेऊ? वडील गेल्यापासून काकी गप्प गप्प असते, तिला काही वाचायला हवं.

आपल्याकडे याचं ठरलेलं उत्तर असतं: सगळ्यात मोठा, सगळ्यात थोर मानलेला ग्रंथ घ्यायचा. मग तो जाडजूड ग्रंथ घरी येतो, त्याला हळद-कुंकू लागतं, लाल कापडात गुंडाळला जातो आणि देवघरातल्या फळीवर बसतो. वर्षातून एकदा, सरस्वतीपूजनाला, खाली उतरतो. वाचणाऱ्याला मात्र वाटत राहतं की आपलीच पात्रता नाही. मला हे नुकसान फार मोठं वाटतं. ज्या माणसाला खरोखर काही हवं होतं, तो पहिल्या दहा पानांतच परत फिरतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही.

सरकारी पत्र लिहिताना वर आधी 'प्रति' लिहितात. पत्र कुणाला जाणार हे ठरल्याशिवाय मजकूर सुरूच होत नाही. गंमत म्हणजे आपल्या जुन्या ग्रंथकारांनीही हेच केलेलं आहे. कुणासाठी लिहितो आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि पुष्कळांनी ते ग्रंथात सांगूनही ठेवलं आहे. आपण मात्र ग्रंथाचं नाव वाचतो आणि ही 'प्रति' वाचायला विसरतो.

सुरुवात आपल्या गोमंतकापासूनच करू. साष्टीतल्या केळोशी गावच्या कृष्णदास शामा यांनी १५२६ साली 'श्रीकृष्णचरित्रकथा' रचायला घेतली. भागवताच्या दशम स्कंधावरचा हा ओवीबद्ध मराठी ग्रंथ. त्या काळी घरात कोंकणी बोलणारा आपला माणूस पोथी मराठीत ऐकत होता, आणि त्यात त्याला काही विचित्र वाटत नव्हतं. पण त्याच शतकातल्या रामायण-महाभारताच्या कथा कोंकणी गद्यातही आढळतात. पाद्रींनी भाषा शिकण्यासाठी त्या रोमन लिपीत उतरवून घेतल्या आणि त्या वह्या पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरातल्या ग्रंथालयात टिकून राहिल्या. म्हणजे कथा तीच, पण सभेत बसून ऐकायची ती ओवीत आणि बसल्या जागी सांगायची ती साध्या बोलीत.

पुढे काय झालं हे आपण जाणतोच. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून तिसवाडी, बार्देस, साष्टी या जुन्या काबिजादीत देवळं मोडली गेली, हिंदूंच्या पोथ्या शोधून जप्त केल्या गेल्या. केळोशीची शांतादुर्गा खाडीपलीकडे कवळ्याला गेली. जे मागे राहून ख्रिस्ती झाले त्यांचे देव बदलले, नावं बदलली. पण संध्याकाळी बसून पुराण ऐकायची सवय काही एका दिवसात जाणार नव्हती.

याच लोकांमध्ये फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट वावरत होता. तो १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली इथेच वारला. आयुष्यातली चाळीस वर्षं त्याने इथे काढली, त्यातली बरीचशी साष्टीत. त्याचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार मराठी ओव्या! या ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. धर्म शिकायला आलेला एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीला विचारतो की प्रश्नोत्तरांची शिकवणी ठीक आहे, पण आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं एखादं पुराण का देत नाही? मनाला काही विसावा नको का?

मला हा प्रश्न आपल्या ग्रंथेतिहासातला फार मोलाचा प्रश्न वाटतो. ज्याच्या घरातून पोथी काढून घेतली तोच माणूस ग्रंथकाराला सांगतो आहे की आम्हाला नुसते नियम पुरत नाहीत, आम्हाला कथा हवी. आणि स्टीफन्सने ते ऐकलं. कोंकणीत त्याने प्रश्नोत्तररूपी 'दौत्रिन क्रिस्तां' लिहिलं होतंच (ते त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापलं गेलं). ते शिकणाऱ्यासाठी, पाठ करण्यासाठी होतं. पुराण लिहिताना त्याने भाषा मराठी घेतली, छंद ओवीचा घेतला. एवढंच नव्हे, तर प्रस्तावनेत तो सांगतो की शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळणार नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून त्याने ब्राह्मणांच्या बोलीतले, म्हणजे कोंकणीतले, सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले. 'मध्यम लोक' हा त्याचा वाचक. पंडितही नव्हे आणि अगदी अडाणीही नव्हे, तर आपल्यासारखाच.

त्याच्या धर्मप्रसारामागची सत्ता आणि सक्ती आपण विसरायचं कारण नाही. पण वाचक ओळखून ग्रंथ करायचा म्हणजे काय, हे त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे यातही शंका नाही. पुढे १६८४ साली विजरईने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचं फर्मान काढलं. वाचकाचं ऐकून घेण्याचा काळ संपला, वाचकानेच बदलावं असा काळ आला. 'क्रिस्तपुराण' मात्र गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती घरांत हस्तलिखित प्रतींमधून जगलं आणि १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापलं गेलं. हुकमापेक्षा आवड जास्त काळ टिकते ती अशी.

हीच दृष्टी स्टीफन्सच्या आधी पैठणच्या नाथांकडे होती. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका १५७३ साली काशीत पूर्ण केली. अठरा हजारांहून अधिक ओव्या. निवांतपणे, क्रमाने, रोज थोडं ऐकणाऱ्यासाठी. त्याच नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती ताडून पाठ शुद्ध केला. ते काम अभ्यासकासाठी. आणि ज्याला अक्षर वाचता येत नाही, बसून पुराण ऐकायला सवड नाही, त्याच्यासाठी भारुडं रचली. विंचू, जोशी, गोंधळी असली सोंगं घेऊन वेदान्त चव्हाट्यावर आणला. माणूस एकच, पण वाचक तीन तऱ्हेचे, म्हणून ग्रंथही तीन तऱ्हेचे. यातलं भारुड हलकं आणि टीका भारी असं नाथांनी कुठे मानलं नाही. ते आपण मानतो.

आता उलट बाजूने पाहू. गीता एकच, सातशे श्लोकांची. मराठीत तिला किती दारं आहेत! १२९० साली ज्ञानेश्वरांनी नेवाशाला सुमारे नऊ हजार ओव्यांत ती सांगितली, संस्कृत न येणाऱ्या श्रोत्यांना समोर बसवून. तिच्यातले दृष्टान्त कानांनी ऐकायचे आहेत. आज त्या मराठीला सातशेहून अधिक वर्षं झाली, म्हणून अर्थाची प्रत जवळ हवीच. वामन पंडितांनी 'यथार्थदीपिका' लिहिली ती शास्त्र जाणणाऱ्यासाठी, शंका काढणाऱ्यासाठी, वाद घालणाऱ्यासाठी. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिलं, ते १९१५ साली छापून आलं. त्याचा वाचक इंग्रजी शिकलेला, 'करायचं काय?' म्हणून विचारणारा तरुण. त्याला आधी युक्तिवाद हवा होता, म्हणून टिळकांनी पंधरा प्रकरणं विवेचनाची घातली आणि श्लोकांचं भाषांतर मागून दिलं.

विनोबांची 'गीताई' तर एकाच वाचकासाठी सुरू झाली असं म्हणता येईल. त्यांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती आणि मिळालेलं मराठी पद्य भाषांतरही जड वाटत होतं. तूच का करत नाहीस, असं ती मुलाला म्हणाली. आई १९१८ साली गेली. गीताई लिहिली गेली १९३०-३१ साली. वाचक हयात नव्हता, पण ग्रंथ त्याच्याच मापाचा झाला, आणि म्हणून घरोघरी चालला. तेच विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलले, साने गुरुजींनी ते लिहून घेतलं, आणि 'गीता-प्रवचने' झाली. समोर सत्याग्रहीही बसले होते आणि इतर कैदीही, त्यामुळे त्या पुस्तकाची भाषा कुणालाच परकी वाटत नाही.

तेव्हा 'गीता कुठली घेऊ?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. इंजिनिअर मुलगा वाद घालणारा असेल तर 'गीतारहस्य' द्या, त्याला राग येईल, पण तो वाचील. रात्री दमून येणारा असेल तर 'गीता-प्रवचने' द्या. आजीला पाठ करायला 'गीताई'. आणि ज्याला भाषेची गोडी आहे, घाई नाही, त्याच्यासाठी ज्ञानेश्वरी आहेच.

घरातल्या पारायणाच्या पोथ्यांचीही हीच कथा. श्रीधरस्वामींचे 'हरिविजय' (१७०२), 'रामविजय' (१७०३), 'पांडवप्रताप' (१७१२) आणि 'शिवलीलामृत' (१७१८) हे ग्रंथ पंडितांच्या चर्चेत कधी फारसे मानाने बसले नाहीत. पण फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या घरांत श्रावणात दिव्याजवळ बसून वाचल्या गेल्या त्या पोथ्या याच. वाचणारा एक, ऐकणारी दहा माणसं, त्यात मुलंही. गोष्ट सरळ पुढे जाते, ओवी जिभेवर बसते, न कळणारा शब्द आला तरी धागा तुटत नाही. मोठ्याने वाचण्यासाठीच ते लिहिलेले आहेत. मनातल्या मनात वाचून ते भाबडे वाटले तर दोष ग्रंथाचा नाही.

'गुरुचरित्र' सात दिवसांत, नेमाने वाचायचा ग्रंथ. ज्याला व्रत म्हणून काही धरायचं आहे त्याला तो आधार देतो, पण नोकरी करणाऱ्याला त्याचा नेम झेपतोच असं नाही. आपल्या शेजारच्या माणगावचे टेंबेस्वामी, म्हणजे वासुदेवानंद सरस्वती (१८५४-१९१४), स्वतः अत्यंत कडक आचाराचे. पण त्यांनीच गुरुचरित्राचं सार सातशे मराठी ओव्यांत करून ठेवलं, आणि संस्कृत जाणणाऱ्यांसाठी वेगळं, दोन हजार श्लोकांचं गुरुचरित्र केलं. लहान केलं म्हणजे बाटवलं असं त्यांना वाटलं नाही, मग आपण का मानावं?

आणि आपले सोहिरोबानाथ आंबिये, जन्म १७१४ चा. बांद्याला कुळकर्णीपण करणारे, म्हणजे आमच्याच कारकुनी जातीचे म्हणायचे! वृत्ती सोडून ते योगमार्गाला लागले, उत्तरेत उज्जैनपर्यंत गेले. 'सिद्धान्तसंहिता', 'महदनुभवेश्वरी' हे त्यांचे ग्रंथ साधकासाठी आहेत, गुरूशिवाय उघडून फार हाती लागणार नाही. पण त्यांची पदं भजनात बसलेल्या कुणालाही आपली वाटतात. सोहिरोबा वाचायचे असं ठरवून थेट मोठा ग्रंथ उघडण्यापेक्षा पदांपासून सुरुवात करावी, हे आपल्या भजनी मंडळींनी न सांगता ठरवून टाकलं आहे.

इतिहासातून हाती लागतं ते असं. पुस्तक घेण्यापूर्वी ग्रंथाची थोरवी बाजूला ठेवून माणसाकडे पाहावं. तो एकटा वाचणार की चारचौघांत मोठ्याने? रोज अर्धा तास देणार की सात दिवस मोकळे काढणार? डोळे कसे आहेत, अक्षर मोठं हवं का? कोंकणीत विचार करणारा असेल तर जुनी मराठी त्याला कितपत साधेल? आणि मुख्य म्हणजे त्याला हवं काय आहे: नियम, युक्तिवाद, गोष्ट की विसावा? वडील गेल्यावर गप्प झालेल्या काकीला तत्त्वज्ञानाचं पुस्तक देऊ नये. तिला तुकोबांचे निवडक अभंग द्यावेत, ठळक टाइपातले, आणि जमलं तर शेजारी बसून चार आपणच वाचावेत. मुलांना उपदेशाची पुस्तकं देऊ नयेत, कृष्णाच्या आणि पांडवांच्या गोष्टी द्याव्यात. उपदेश त्यात आहेच, तो मागून कळतो. आणि देवाधर्मावर विश्वास नसलेल्याला जबरदस्तीने काहीच देऊ नये; फार तर गाथा टेबलावर उघडी ठेवावी.

साष्टीतल्या त्या अनामिक माणसाने चारशे वर्षांपूर्वी आपल्याला काय हवं ते स्पष्ट विचारलं, म्हणून त्याच्या लोकांना पुराण मिळालं. आपल्या घरातली माणसं असं विचारत नाहीत. ती कापडात गुंडाळलेल्या ग्रंथाला नमस्कार करतात आणि गप्प बसतात. तेव्हा विचारायचं काम आपलं. येत्या चवथीला फळीवरची पोथी खाली काढाल तेव्हा ती घरात कोण वाचणार आहे, एवढं एकदा पाहून घ्या. कुणीच नसेल तर तीही राहू द्या, पण तिच्या शेजारी घरातल्या माणसाच्या मापाचं एक लहानसं पुस्तक ठेवा.