प्रसवपूर्व स्तन्यसंचय

प्रसूतीपूर्वीच गर्भवतीने स्तनांतील चीक हाताने काढून नवजात अर्भकासाठी जपून ठेवण्याची पद्धती. गर्भारपणाच्या मध्यापासून तयार होऊ लागणारा हा दाट, पिवळसर स्राव अल्प असला तरी प्रतिपिंडांनी समृद्ध असल्यामुळे, आणि मधुमेही मातेच्या बालकाची रक्तशर्करा जन्मानंतर एकाएकी उतरण्याचा धोका असल्यामुळे, अशा मातांना छत्तिसाव्या आठवड्यानंतर, डॉक्टरांच्या संमतीनेच, ही मुभा दिली जाते. ऑस्ट्रेलियातील २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अन्य गुंतागुंत नसलेल्या मधुमेही स्त्रियांना ती निर्धोक आढळली. अकाली प्रसूतीचा संभव, गर्भाशयमुखाला घातलेला टाका किंवा खाली असलेली वार, अशा अवस्थांत मात्र ती वर्ज्य होय, कारण स्तनाग्रांच्या उद्दीपनाने ऑक्सिटोसिन स्रवून गर्भाशय आकुंचन पावू शकतो.

थेंबाथेंबाने जमविलेला चीक निर्जंतुक सिरिंजमध्ये भरून, तारीख लिहून गोठवितात. ताजे काढलेले दूध २५° से. तपमानापर्यंत सुमारे चार तासच टिकते. सबब गोंदियालगतच्या मुर्रीसारख्या गावी, जेथे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, तेथे अखंड विजेची व फ्रीजची हमी नसेल, तर हा खटाटोप न केलेलाच बरा, आणि जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी लावणे हेच श्रेयस्कर.

दात्या मातांच्या दुधाची तजवीज ही बाब निराळी. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये स्थापिलेली दुग्धपेढी आशियातील पहिली मानली जाते. अशा पेढ्यांत दूध ६२.५° से. तपमानावर तीस मिनिटे ठेवून, जंतुपरीक्षेनंतरच अर्भकांना पाजतात.