अंगूनची दोनशे कांबळी

१/५
अलास्काचा आग्नेय किनारा ही त्लिंगित लोकांची भूमी. त्यांचे कुळ आईकडून चालते. मृत्यू अपघाताने घडला, तरी जबाबदार पक्षाने मृताच्या कुळाला भरपाई द्यावी, हा त्यांचा कायदा.

२/५
ऑक्टोबर १८८२. एका व्यापारी कंपनीच्या बोटीवर देवमाशांच्या शिकारीत हार्पूनची तोफ फुटली आणि अंगून गावचा मांत्रिक ठार झाला. त्लिंगितांनी रिवाजाप्रमाणे २०० कांबळी मागितली.

३/५
कंपनीला यात बंड दिसले. तिने अमेरिकी आरमाराला पाचारण केले. आरमाराने उलट त्लिंगितांनाच ४०० कांबळ्यांचा दंड ठोठावला.

४/५
दंड पुरता भरला गेला नाही. २६ ऑक्टोबरला तोफा धडाडल्या. घरे, होड्या, हिवाळ्यासाठी साठवलेले अन्न, सारे नष्ट झाले. गावाच्या स्मृतीनुसार सहा मुले धुरात गुदमरली. पुढे भुकेने व थंडीने आणखी बळी घेतले.

५/५
१९७३ साली ९०,००० डॉलरची भरपाई मिळाली, माफी नाही. स्मरणदिनी गावातील वडीलधारे तीनदा विचारत : माफी मागायला आरमाराचे कोणी आले आहे का? सभा निःशब्द राही. २६ ऑक्टोबर २०२४ रोजी आरमाराचा अधिकारी अंगूनला आला आणि त्याने माफी मागितली. त्या प्रश्नाला उत्तर मिळायला १४२ वर्षे लागली.